विद्यार्थ्यांचा गायनवृंद हाती घेताना

विद्यार्थ्यांचा गायनवृंद शिकवण्याची जबाबदारी बहुतेकांकडे न मागता येते. ज्याला बऱ्यापैकी गाता येते किंवा पेटी वाजवता येते, अशा शिक्षकाला हे काम सोपवले जाते, आणि पहिल्याच तालमीत त्याच्या लक्षात येते की स्वतः गाणे आणि तीस-चाळीस मुलांकडून गाऊन घेणे या दोन निराळ्या विद्या आहेत. हा लेख अशा नव्या शिक्षकासाठी आहे. मी या कामातून गेलो आहे, आणि माझे ठाम मत असे आहे की तालमीत शिक्षकाने सर्वांत जास्त काय करायचे असते, तर ऐकायचे असते. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी तालमीच्या वेळी तुमचे कान मोकळे राहावेत यासाठीच आहे. कान मोकळे राहिले की मुले शिकतात, आणि तुमचे स्वतःचे गाणेही एकट्याच्या रियाजाने पोहोचले नसते अशा ठिकाणी पोहोचते.

सुरुवातीला काय जवळ असावे

- गाण्याची स्वच्छ प्रत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी, आणि प्रत्येकाकडे पेन्सिल. पेनने केलेल्या खुणा पुढच्या तालमीत बदलता येत नाहीत.
- पेटी किंवा कीबोर्ड, तानपुरा किंवा त्याचे ॲप, आणि लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम.
- ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल.
- हजेरीपट आणि प्रत्येकाच्या आवाजाची नोंद असलेली वही.
- पालकांचे संमतिपत्र. त्यात तालमीच्या वेळा, तातडीच्या प्रसंगी संपर्क कोणाशी करायचा ते, दमा किंवा ॲलर्जी यांसारखी माहिती, आणि छायाचित्रण व ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र परवानगी असावी. छायाचित्राची परवानगी नाकारणारा पालक मुलाला गाण्यापासून रोखत नसतो, म्हणून या दोन संमती एकाच सहीत गुंतवू नयेत.
- संस्थेची लेखी परवानगी, खोलीच्या वेळेसह. तोंडी ठरलेली खोली परीक्षेच्या आठवड्यात हमखास हातची जाते.

१. आधी गाणे स्वतःच्या गळ्यावर चढवा

गाणे आपल्याला येते असे वाटणे आणि ते खरोखर येणे यांत बरेच अंतर असते, आणि ते अंतर वृंदासमोर उभे राहिल्यावर लगेच उघडे पडते. ते आधीच मोजण्याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली अशी की कोणत्याही वाद्याची साथ न घेता फक्त षड्ज घ्यावा आणि गाण्यातली कुठलीही मधली ओळ थेट तिथूनच उचलून गावी. सुरुवातीपासून गात आल्याशिवाय जी ओळ सापडत नाही ती तुम्हाला येत नाही. तुम्ही केवळ प्रवाहाबरोबर तिथपर्यंत जात असता. दुसरी कसोटी म्हणजे एका हाताने मात्रा देत गाण्याचे शब्द न गाता लयीत म्हणणे. तिसरी कसोटी गाण्याला एकाच वेळी गायच्या दोन स्वतंत्र ओळी असतील तेव्हाची आहे: एक ओळ पेटीवर वाजवायची आणि त्याच वेळी दुसरी गायची. ही तिसरी कसोटी सुरुवातीला फार जड जाते, परंतु तिच्यातून पार पडलेला शिक्षक तालमीत चूक कोणत्या ओळीत झाली हे ओळखण्यात क्वचितच फसतो.

यानंतर आपली प्रत घेऊन बसावे. श्वास कुठे घ्यायचा, कोणता शब्द मध्ये तुटता कामा नये, सुरांची मोठी उडी कुठे आहे, चाल एकच असूनही दुसऱ्या कडव्यात शब्दांची वाटणी कुठे बदलते, या सगळ्यांच्या खुणा करून ठेवाव्यात. श्वासाच्या खुणा करताना स्वतः उभे राहून, पूर्ण आवाजात गावे, कारण बसून गुणगुणताना चार ओळी एका श्वासात सहज निघतात आणि उभे राहिल्यावर तो हिशेब चुकतो. शिवाय मुलाचा श्वास तुमच्या श्वासापेक्षा लहान असतो, त्यामुळे तुम्हाला आरामात पुरतो त्याच्या अलीकडेच खूण असावी.

शेवटी प्रतीच्या समासात मुले कुठे चुकतील याचा अंदाज लिहावा. तीन जागा पुरेत, पण प्रत्येकीपुढे कारण असावे: ‘इथे कोमल निषादाऐवजी शुद्ध लावतील, कारण वरचा षड्ज जवळ आहे’, ‘इथे शेवटचा स्वर दोन मात्रांआधीच सोडतील, कारण पुढच्या ओळीची घाई असेल’. तालमीनंतर हा अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करावी. जी चूक तुम्हाला आधी दिसली नव्हती ती तुमच्या कानातली उणीव दाखवते. या कामात शिक्षकाची वाढ मोजण्याचे याहून चांगले साधन मला सापडलेले नाही.

२. प्रत्येक आवाज एकेकट्याने ऐका

वृंद जमल्यावर लगेच गाणे सुरू करण्याचा मोह टाळावा. पहिल्या एक-दोन भेटींत प्रत्येक विद्यार्थ्याला दोन-तीन मिनिटे स्वतंत्रपणे ऐकावे, आणि तेही इतरांसमोर नव्हे. मोठ्या व्यक्तीची नजर त्या खोलीकडे राहील असे पाहावे. दार उघडे ठेवावे. मुलाला ओळखीच्या गाण्याची एखादी ओळ त्याला सोयीच्या पट्टीत गाऊ द्यावी, मग पाच स्वरांचा एक सोपा पलटा अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर आणि नंतर खाली न्यावा. आवाज कुठून कुठपर्यंत मोकळा लागतो आणि कुठे ताणावा लागतो, एवढे वहीत टिपावे.

आठ ते अकरा वर्षांच्या मुलामुलींचा आवाज साधारणपणे मधल्या पांढरी एकपासून (पेटीच्या पट्ट्यांत पाश्चात्त्य C) वरच्या पांढरी एक किंवा पांढरी दोनपर्यंत आरामात फिरतो, आणि या वयात मुलगे व मुली यांच्या पल्ल्यात फारसा फरक नसतो. नव्या शिक्षकाचा सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. तो स्वतःला सोयीची पट्टी धरतो, ती मुलांसाठी खाली पडते, आणि खालच्या सुरात आवाज पोहोचत नाही म्हणून मुले छातीतून ओरडू लागतात. ‘मुले ओरडतात’ ही तक्रार ऐकली की आधी पट्टी दोन-तीन अर्धस्वरांनी वर नेऊन पाहावी. पुष्कळदा आवाज तेवढ्यानेच हलका आणि गोड होतो. पुरुष शिक्षकाने आणखी एक काळजी घ्यावी. त्याचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा एक सप्तक खाली असतो, आणि काही मुले नेमका तोच खालचा सूर गाठण्याचा प्रयत्न करतात. अशा वेळी हलक्या, वरच्या आवाजात गाऊन दाखवावे किंवा चांगला सूर लागणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडून ओळ म्हणवून घ्यावी.

सूर न जुळणारे एखादे मूल प्रत्येक वृंदात असते. त्याला ‘तू फक्त ओठ हलव’ असे सांगणे हा अपराध आहे असे मी मानतो, कारण ते वाक्य माणसाच्या मनात आयुष्यभर राहते. करायचे ते असे. तुम्ही सा द्या. मुलाने त्याऐवजी जो सूर लावला असेल तोच तुम्ही लगेच धरा आणि त्याच्याबरोबर लांबवा. दोन आवाज एकात मिसळल्यावर काय वाटते हे मुलाला कदाचित तेव्हाच प्रथम कळते. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते. मग ‘आता माझ्याबरोबर चल’ म्हणून अर्ध्या स्वराने वर सरका, तिथे थांबा, जुळू द्या, आणि असेच हळूहळू मूळ षड्जापर्यंत या. अनेक मुलांचा गळा ठीक असतो. आपला आवाज आणि बाहेरचा आवाज एकच झाला की नाही हे ओळखण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नसते. अशा मुलाला पक्क्या सुराच्या दोन मुलांच्या मध्ये उभे करावे आणि दर काही आठवड्यांनी शांतपणे पुन्हा ऐकावे.

आवाज फुटण्याचे वय आणखी सांभाळून हाताळावे लागते. मुलग्यांत हा बदल बहुधा बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान होतो आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो; मुलींचाही आवाज बदलतो, परंतु तो दोन-तीन अर्धस्वरांइतकाच उतरतो आणि काही काळ त्यात हवा जास्त ऐकू येते. जॉन कुक्सी या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या दशकात मुलग्यांच्या आवाजातील या बदलाचे टप्पे मांडले. शिक्षकासाठी त्यातली उपयोगाची गोष्ट ही की बदलाच्या ऐन मध्यात गाता येणारा पल्ला अगदी आखूड होतो. त्या मुलाला काही महिने गाणे बंद करायला सांगू नये. त्याच्या पाच-सहा सुरांत बसेल अशी ओळ त्याला द्यावी, पल्ला पुनःपुन्हा तपासावा, आणि आवाज अचानक फाटला तर वर्गात कोणी हसणार नाही हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट करावे.

३. गाणे निवडताना

पहिले गाणे वृंदाच्या कुवतीपेक्षा थोडे सोपे असावे. लवकर बसलेल्या गाण्यावरच सुरांची स्वच्छता, शब्दांची फेक आणि एकत्र श्वास शिकवता येतो. अवघड गाण्यात सगळी शक्ती चाल आठवण्यातच जाते. शब्दांचा अर्थ मुलांना समजेल आणि म्हणताना लाज वाटणार नाही असा असावा.

गाण्याच्या हक्कांकडे दुर्लक्ष करू नये. बर्न करार या लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कर्त्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे हक्क अबाधित असतात, आणि अनेक देशांत ही मुदत अधिक आहे. जुन्या गाण्याची नवी वृंदरचना असेल तर त्या रचनेचा हक्कही वेगळा असतो. छापील रचनेच्या छायाप्रती काढण्यापूर्वी आणि कार्यक्रमाचे चित्रण प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी लागते का, हे विचारून घ्यावे.

४. तालमीची पहिली दहा मिनिटे

आवाज तापवणे म्हणजे ठरलेले पलटे उरकणे नव्हे. शरीर, श्वास, आवाज आणि कान या क्रमाने जावे. खांदे आणि मान सैल करावी, पाय खांद्यांइतक्या अंतरावर ठेवावेत, मग ‘स्स्स’ असा आवाज करत श्वास सावकाश सोडायला लावावा. त्यानंतर ओठ थरथरवत किंवा पेयाच्या नळीतून सूर काढत वरखाली फिरावे. आवाजतज्ज्ञ इंगो टिट्झे यांच्या संशोधनामुळे नळीचा हा प्रकार सर्वत्र पोहोचला. तोंडाचा मार्ग अरुंद झाला की स्वरयंत्रावर परतीचा दाब येतो आणि स्वरतंतू कमी ताणात सहज कंप पावतात. यानंतर स्वरांचे पलटे घ्यावेत, वरून खाली येणारे आधी आणि खालून वर जाणारे नंतर, म्हणजे छातीचा जड आवाज वर ओढला जात नाही.

शेवटची दोन मिनिटे कानांसाठी ठेवावीत. तानपुऱ्यावर सर्वांनी हळू आवाजात सा धरावा, मग अर्ध्यांनी पंचमावर जावे, आणि कोणी काही न बोलता दोन्ही सूर ऐकावेत. हाताच्या खुणांनी स्वर दाखवण्याची पद्धतही इथे कामी येते. इंग्लंडमधील जॉन कर्वेन यांनी ती एकोणिसाव्या शतकात रूढ केली आणि हंगेरियन संगीतकार झोल्टान कोदाय यांच्या शिक्षणपद्धतीतून ती जगभर पसरली. सा पासून नी पर्यंत प्रत्येक स्वराला हाताची एक खूण आणि एक उंची ठरवून घ्यावी. तुम्ही एक शब्दही न उच्चारता मुले गाऊ लागतात, आणि तेवढा वेळ तुम्हाला केवळ ऐकता येते.

आवाज तापवण्यातला एक तरी पलटा त्या दिवशीच्या गाण्यातूनच उचलावा. गाण्यात पंचमावरून तार षड्जाची उडी असेल तर तीच उडी इथे वेगवेगळ्या पट्ट्यांत खेळून घ्यावी. गाणे आले की ती जागा मुलांना ओळखीची वाटते.

५. गाणे बसवणे

आधी संपूर्ण गाणे एकदा ऐकवावे, म्हणजे आपण कुठे पोहोचणार आहोत ते मुलांना कळते. मग शब्द लयीत म्हणवून घ्यावेत, नंतर सुरांवर जावे. एका वेळी एकच ओळ: तुम्ही म्हणा, मुले ऐकतील, मुले म्हणतील, तुम्ही ऐका. यातला शेवटचा भाग नवे शिक्षक पाळत नाहीत. ते मुलांबरोबर सतत गात राहतात, वर जोरात पेटीही वाजवतात, आणि गाणे छान बसले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत असतो. ज्या दिवशी ते गप्प बसतात त्या दिवशी गाणे कोसळते. म्हणून मुले गात असताना तोंड बंद ठेवण्याची शिस्त पहिल्या तालमीपासून अंगी बाणवावी. शिक्षकाला ही सवय कठीण जाते, पण याच सवयीने त्याचा कान तयार होतो.

चूक ऐकू आली की ती कोणत्या जातीची आहे हे ठरवल्याशिवाय ‘पुन्हा एकदा’ म्हणू नये. शब्द विसरला, सूर चुकला, श्वास पुरला नाही, की लय धावली? उदाहरणार्थ, दुसऱ्या ओळीच्या शेवटी लय नेहमी पळते असे समजा. मेट्रोनोम लावून दहा वेळा म्हणवले तरी ती पळतच राहील, कारण खरे दुखणे श्वासाचे असते: ओळ लांब आहे, श्वास संपत आला आहे, म्हणून मुले शेवट गाठण्याची घाई करतात. श्वासाची एक जागा अलीकडे ठरवून दिली की लय आपोआप स्थिर होते. कारण न कळता केलेल्या प्रत्येक पुनरावृत्तीत मुले ती चूक आणखी पक्की करतात.

सूचना एका वेळी एकच द्यावी आणि ती करून दाखवता येण्याजोगी असावी. ‘अधिक भावपूर्ण गा’ याने मुलाला काहीच करता येत नाही. ‘या ओळीत तिसऱ्या शब्दापर्यंत आवाज वाढवत न्या आणि मग सोडा’ याने करता येते. ही वाक्ये घडवताना तुम्हालाच स्वतःला विचारावे लागते की मी ही ओळ गाताना नेमके काय करतो. वर्षानुवर्षे सवयीने लागलेल्या जागा अशा वेळी प्रथमच शब्दांत येतात, आणि शब्दांत आलेली जागा नंतर हवी तेव्हा लावता येते.

एकाच तालमीत गाणे संपवण्याचा अट्टहास नको. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हापासून हे माहीत आहे की एका बैठकीत घोटण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी जास्त टिकते. नवा भाग, मागच्या वेळचा भाग आणि येत असलेले गाणे अशी प्रत्येक तालमीची विभागणी असावी, आणि शेवट नेहमी येत असलेल्या गाण्याने करावा.

६. सूर का उतरतो

साथीशिवाय गाणारा वृंद गाणे संपेपर्यंत अर्धा स्वर खाली आलेला असतो, हा जवळजवळ सर्वांचा अनुभव असतो. ‘सूर वर धरा’ असे ओरडल्याने मुले आवाज ताणतात आणि सूर आणखी बिघडतो. उतरण्याची ठिकाणे साधारण ठरलेली असतात: एकाच स्वराची लागोपाठ पुनरावृत्ती, वरून खाली येणारी ओळ, लांबवलेला शेवटचा स्वर, आणि श्वासानंतरचा पहिला सूर. पुनरावृत्तीत प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा किंचित वर आहे अशी कल्पना करायला सांगावे. उतरत्या ओळीत एका सुरावरून पुढच्या सुरावर जाण्याची पावले लहान ठेवायला सांगावे. सर्वांचे ‘आ’ आणि ‘ए’ सारखे नसतील तर सूर जुळूनही तो कणसूर वाटतो, म्हणून तोंडाचा आकार एकमेकांचा पाहून सारखा करावा. खोली कोंदट असेल आणि मुले दमलेली असतील तर यातले काहीच लागू पडत नाही. खिडक्या उघडून पाच मिनिटे सुट्टी द्यावी.

वाद्याविषयी एक बाब लक्षात असू द्यावी. कीबोर्डवरील स्वर समान अंतरांवर जुळवलेले असतात, आणि त्यातला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे १४ टक्क्यांनी चढा असतो. तानपुऱ्यावर मुलांचा गंधार सुंदर मिळत असेल आणि कीबोर्ड वाजताच तो खटकत असेल, तर मुलांना दोष देऊ नये. सुराची तयारी तानपुऱ्यावर करावी आणि वाद्याचा उपयोग चाल दाखवण्यापुरता ठेवावा.

मोठ्याने गाण्याच्या चढाओढीचेही असेच ठरलेले कारण आहे. फ्रेंच वैद्य एतिएन लोम्बार यांनी १९११ मध्ये दाखवले की भोवती आवाज असला की माणूस नकळत आपला आवाज वाढवतो. वृंदात शेजाऱ्याचा आवाज हाच तो गोंगाट असतो. मुलांमधले अंतर एक हातभर वाढवावे, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि ओरडण्याची गरज उरत नाही.

७. दोन ओळींकडे जाताना

पहिल्याच महिन्यात दोन स्वतंत्र ओळींची रचना घेऊ नये. आधी एका गटाने षड्ज धरावा आणि दुसऱ्याने चाल गावी. मग गट बदलावेत. त्यानंतर एकाच चालीचे मागून-पुढून गायन घ्यावे, म्हणजे दुसरा गट ठरावीक मात्रांनंतर तीच चाल सुरू करतो. चाल सर्वांना येत असल्यामुळे सगळे लक्ष आपली लय न सोडता दुसऱ्याला ऐकण्यावर राहते. कानात बोटे घालून आपली ओळ टिकवणारी मुले दिसली तर थांबावे. दुसरी ओळ ऐकत गाता येणे हाच या पायरीचा हेतू आहे. खालची ओळ ‘ज्यांना जमत नाही त्यांची’ असा समज होऊ नये म्हणून गाण्यागणिक ओळी फिरवाव्यात.

८. हात

वृंदाला हाताने लय दाखवताना चार मात्रांसाठी उजवा हात खाली, आत, बाहेर, वर. तीनसाठी खाली, बाहेर, वर. हे आरशासमोर मेट्रोनोमबरोबर करून पाहावे, आणि हात चालू असताना बोलता, चालता व प्रतीचे पान उलटता येईपर्यंत सोडू नये. सर्वांत महत्त्वाची खूण मात्र गाणे सुरू होण्यापूर्वीची आहे: हात वर जाताना तुम्ही स्वतः नाकातोंडाने श्वास घेतला, तर सगळा वृंद तुमच्याबरोबर श्वास घेतो. खांदे उचलून घाईने श्वास घेतलात तर मुलेही तसाच घेतील, म्हणून आपली उभे राहण्याची ढब आणि श्वास यांकडे रोज लक्ष द्यावे लागते.

मागच्या रांगा रेंगाळत असतील तर त्यामागे अंतराचाही भाग असतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटर लांबच्या मुलाला समोरचा सूर जवळजवळ तीन शतांश सेकंद उशिरा मिळतो. कानावर विसंबून गाणारी रांग मागे पडते, हाताकडे पाहून गाणारी पडत नाही. शब्द पाठ असणे यासाठीही आवश्यक आहे.

९. मुलांकडून शिकवून घ्या

गाणे अर्धे बसले की पाच-सहा जणांचे गट करून प्रत्येक गटातल्या एकाकडे एका ओळीची जबाबदारी द्यावी. जर्मनीतील भाषाशिक्षक जाँ-पोल मार्टिन यांनी १९८० च्या दशकात शिकवण्यातून शिकण्याची पद्धत रुजवली, आणि ती वृंदाला छान लागू पडते: ज्या मुलाला दुसऱ्याला जागा समजावून सांगावी लागते, त्याची स्वतःची जागा पक्की होते. गटप्रमुख नेहमी उत्तम गाणारेच नसावेत. नुकतीच अडचण पार केलेले मूल ती अडचण अधिक नेमकी सांगते. तुम्ही गटागटांतून फिरावे, मध्ये बोलू नये, आणि मुले कोणते शब्द वापरून समजावतात ते टिपून घ्यावे; तुमच्या सूचनांपेक्षा चांगल्या सूचना तिथे सापडतात.

१०. स्वतःचे ऐकणे

प्रत्येक तालमीचे ध्वनिमुद्रण करावे आणि त्याच दिवशी किमान पंधरा मिनिटांचा भाग ऐकावा. आधी वृंद ऐकावा, मग स्वतःला. तुम्ही किती वेळ बोलता आणि मुले किती वेळ गातात, हे घड्याळ लावून पाहावे. ज्या चुका तालमीत ऐकू आल्या नाहीत पण मुद्रणात येतात, त्या पहिल्या पायरीतल्या अंदाजांशेजारी लिहाव्यात. काही महिन्यांत त्या नोंदींतून तुमच्या कानाचा स्वभाव दिसू लागतो: कोणाला सुराची चूक लगेच कळते पण शब्दांची अस्पष्टता कळत नाही, कोणाचे लक्ष फक्त वरच्या ओळीकडे असते. जी बाजू कच्ची दिसेल तिच्यावर पुढचा महिनाभर स्वतःचा रियाज करावा. खालची ओळ ऐकू येत नसेल, तर तीच ओळ रोज गावी आणि पुढच्या तालमीत तिच्याच बाजूला उभे राहावे.

घसाही सांभाळावा. वृंदाच्या वर आवाज चढवून सूचना देणाऱ्या शिक्षकाचा घसा बसतो. बोलण्यापूर्वी शांततेची एक खूण ठरवून ती होईपर्यंत थांबावे, पाणी जवळ ठेवावे, आणि आवाजातला घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

११. कार्यक्रम आणि त्यानंतरची तालीम

कार्यक्रमापूर्वी एकदा तरी प्रत्यक्ष मंचावर, ठरलेल्या रांगांत, येण्याजाण्यासह तालीम घ्यावी. त्या दिवशी नवी सूचना देऊ नये आणि गाणे पूर्ण ताकदीने दोनदा म्हणवून घेऊ नये. मुलांना पुरेसे आधी बसायला, पाणी प्यायला आणि हलके आवाज तापवायला वेळ मिळेल असे पाहावे. सुरुवातीचा सूर कोण आणि कशावर देणार हे आधीच ठरवावे. ऐनवेळी सूर शोधण्यातच सर्वांचा श्वास अडकतो.

पुढच्या तालमीत मुद्रण सर्वांनी मिळून ऐकावे. आधी मुलांना बोलू द्यावे, आणि प्रत्येकाने एक चांगली जागा व एक सुधारण्याची जागा सांगावी असा नियम ठेवावा. त्यानंतर सुधारायच्या जागांपैकी सर्वाधिक मुलांनी सांगितलेली एक निवडून, त्याच दिवशी, त्याच ओळीपासून तालीम सुरू करावी.